एकाच छापाचे पुडे

माझ्या थोरल्या दिरांशी मी लग्नानंतर कित्येक वर्षं एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. आमच्या सासरी धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ते बसले असतील तिथं जायचं नाही आणि काही सांगायचंच झालं तर मधे कोणीतरी धरायचं. नवरा असला तर नवरा, नसला तर लेकरू, तेही नसलं तर भिंत. "जेवायला वाढलंय म्हणावं," असं मी भिंतीला सांगायची आणि दीर हात धुवायला उठायचे. त्यांनाही मला काही सांगायचं असलं की ते असंच भिंतीला सांगायचे. जाफराबादकडच्या माझ्या माहेरी ही रीत कधीच मोडीत निघाली होती, त्यामुळे सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय झाली. ती सोयीचीही होती, कारण ज्या माणसाशी बोलायचंच नाही त्याच्याशी गोड बोलावं लागत नाही.

थोरले दीर बेकरी चालवतात. वडीगोद्रीच्या अलीकडे हायवेला लागून पुढे बेकरी, मागे अंगण आणि अंगणाच्या दोन बाजूंना आम्हा दोघा भावांची घरं. खारी, टोस्ट, जिऱ्याची बिस्किटं, नानखटाई असा माल. माझा नवरा त्याच बेकरीचा टेम्पो चालवायचा आणि आसपासच्या गावांतल्या दुकानांना पुडे पोचवायचा. म्हणजे आमचं तेल-मीठ त्या भट्टीतूनच यायचं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे कोणीतरी विचारणारच की बाई, एवढं झालं तर तू सरळ तक्रार का नाही केलीस.

आम्हाला एकच मुलगी. ती बोबडं बोलत होती तेव्हाची गोष्ट, माझ्या जावेनं एकादशीचा शेंगदाण्याचा लाडू केला आणि त्यातला कण तिच्या तोंडात घातला. प्रेमानंच घातला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बघता बघता पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी तिला बरं केलं आणि नंतर मला समोर बसवून सांगितलं की शेंगदाणा हिच्यासाठी विष आहे, चिमूटभर नाही, कणभरसुद्धा नको, आणि हे मोठेपणी जाईलच असं धरून चालू नका.

आता मराठवाड्यातल्या घरातून शेंगदाणा काढायचा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, ठेच्यात दाणे, भगरीवर दाण्याची आमटी, पोह्यांत दाणे, आणि काही नसलं तर भाकरीशेजारी दाण्याची चटणी. मी माझ्या चुलीवरून तो हद्दपार केला. जावेनं बिचारीनं पोरीसाठी वेगळी परात ठेवली. पण थोरल्या दिरांना ते पटलंच नाही. नवऱ्याकडे बघून, मला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणायचे, "आपल्या वावरात भुईमूग पिकतो, चार पिढ्या त्याच्यावर पोसल्या, आन् त्याच घरच्या लेकराला भुईमूग चालत न्हाई? हे लाडाचं दुखणं हाय. थोडं थोडं देलं का बराबर सवय व्हती."

मी भिंतीला सांगायची, "सवय व्हायच्या आधी जीव जाईल म्हणावं."

घरातलं मी सांभाळलं. पण पोरगी शाळेत जायला लागली आणि दुकानातले पुडे आले. चॉकलेट, वेफर, क्रीमची बिस्किटं. त्यांच्यावरची अक्षरं इतकी बारीक आणि नेमकी पुड्याच्या शिवणीत दडलेली, की मी पुडा उन्हात धरून डोळे फोडायची. जालन्याच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या एका बाईनं मला ते ॲप दाखवलं. तिच्या मुलाला दूध चालत नव्हतं. काम साधं होतं. घरात कोणाला काय चालत नाही ते फोनला एकदा सांगून ठेवायचं. मग पुड्यावरच्या काळ्या रेघांसमोर कॅमेरा धरला की फोन त्या ओळखतो आणि त्या मालात काय काय आहे ते बघतो. चालत असेल तर पडदा हिरवा, नसेल तर लाल. वर बायकी आवाजात बोलतोही. "सावधान. यात शेंगदाणा आहे." नाहीतर, "यात शेंगदाणा आढळला नाही."

त्या आवाजानं मला झोप दिली, एवढंच म्हणते. पोरगी तर त्यात लवकरच तरबेज झाली. दुकानात उभी राहून ती पुड्यावर पुडे फोनसमोर धरायची आणि दुकानदार कंटाळून म्हणायचा, "घे बाई जल्दी, मागं गिऱ्हाईक हाय." गावात मला फोनवाली नाव पडलं. पडू दे. नावं ठेवणारे लोक दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्याशेजारी येऊन बसले नव्हते.

आमच्या बेकरीचा पुडा मात्र त्या फोनला ठाऊक नव्हता. हा माल आमच्याकडे नोंदलेला नाही, पुड्याचे फोटो पाठवा, असं पडद्यावर आलं. घरात नानखटाईचे पुडे पडलेलेच असायचे. मी त्यातला एक घेतला, पुढून, मागून, रेघांचा, छापलेल्या मजकुराचा, सगळे फोटो काढून पाठवले. पुड्यावर छापलं होतं: नानखटाई, मैदा, साखर, वनस्पती तूप, वेलची. काही दिवसांनी फोननं तो पुडा ओळखला आणि तेच सगळं वाचून दाखवलं. थोरले दीर खूश झाले. आपली बेकरी फोनमधी आली म्हणून त्यांनी नवऱ्याकडून फोन मागून घेतला आणि गिऱ्हाइकांना आवाज ऐकवला. मग अंगणात येऊन नवऱ्याला विचारलं, "मंग त्यो छापलंय तेवढंच वाचतो का? आतलं न्हाई बघत?"

मी तुळशीला पाणी घालत होते. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "छापलेलंच वाचतो म्हणावं. आतलं बघायला त्याला काय डोळे हायेत का."

दीर मान हलवून गेले. मला वाटलं, माणसाला शहाणपण येतंय.

मग राजूरकडून त्यांचे व्याही आले. पाहुण्यांसाठी भट्टीतून ताजी बिस्किटं आली, परातीत मोकळीच. दिरांनी पोरीला जवळ बोलावलं, कौतुकानं एक बिस्कीट तिच्यापुढे धरलं. पोरगी म्हणाली, "मोठेबाबा, ह्याला रेघा न्हाईत. फोनला कसं विचारू? मला नको." आणि तिनं ते बिस्कीट परत परातीत ठेवलं. मी तिला जे शिकवलं होतं तेच तिनं केलं होतं. व्याही मोठ्यानं हसले. "काय हो, तुमच्याच घरात तुमच्या हातचा भरवसा न्हाई व्हय?" दीरही हसले, पण नुसत्या ओठांनी. पाहुणे गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सुनावलं की लेकराला फोनची गुलाम करून ठेवलंय, घराण्याची चार लोकांत शोभा केली. मी आत भाकरी थापत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, पोरगी शाळेतून बेकरीवरून घरी आली. मी मशीनवर ब्लाउजची बाही लावत होते. तिच्या हातात बेकरीचा बंद पुडा होता. "मोठेबाबांनी देला. म्हणले, विचार तुझ्या फोनला," असं म्हणत तिनं तो माझ्यासमोर धरला. मी फोन काढला. काळ्या रेघांवर धरला. पडदा हिरवा झाला. "यात शेंगदाणा आढळला नाही," फोन म्हणाला. दीर अंगणाच्या दारात उभे होते. गिऱ्हाइकाच्या वेळी ते कधी मागे यायचे नाहीत, हे मला तेव्हा जाणवलंही नाही. मी पदर सारखा केला आणि पोरीला म्हणाले, खा.

तिनं एक नानखटाई खाल्ली. दुसरी उचलली आणि ओठ चोळायला लागली. "आई, जीभ खाजून राह्यली." मला मशीनवरून उठायलाही वेळ मिळाला नाही, इतक्यात तिचा चेहरा बदलला. पुढचं मी लिहिणार नाही, एकदा लिहिलेलं आहे वर. फक्त या वेळी ते सगळं दुप्पट वेगानं झालं. नवरा टेम्पो घेऊन गेल्ता. जाऊ अनवाणी हायवेवर धावली आणि आडवी होऊन तिनं एक जीप थांबवली. दीर दारात होते तिथंच उभे होते. गावातल्या डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं आणि अंबडला हलवा म्हणाले. जीपमध्ये मी पोरीचं नाक माझ्या गालाला लावून बसले होते, श्वास लागतोय का बघत. कधी लागायचा, कधी नाही.

पोरगी वाचली. अंबडच्या दवाखान्यात ती उठून बसली, दूध मागितलं. मी पहिल्यांदा रडले. त्याच वेळी खोलीबाहेर दीर गावाहून आलेल्या माणसांना सांगत होते, "फोननी घात केला. मी म्हणत व्हतो, बिलकुल भरवसा ठेवू नका. पण आईनंच फोन बघितला आन् आईनंच खाऊ घातलं." गावात हीच गोष्ट फिरली. फोनवालीनं फोनच्या नादात लेकरू घालवलंच होतं. बायका पोरीला बघायला यायच्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मी त्यांना चहा देताना कप आदळायची.

घरी आल्यावर पहिलं काम मी ते केलं. खिडकीत तो फोडलेला पुडा तसाच पडला होता. एक नानखटाई मोडली, तुकडा जिभेवर ठेवला. वर वेलची मारली होती, पण खाली कूट होतं. शेंगदाण्याचं. पुडा उलटा केला. नानखटाई, मैदा, साखर, वनस्पती तूप, वेलची. शेंगदाण्याचं नाव नाही.

दीर बाजारला गेल्ते. लग्नानंतर पहिल्यांदाच मी बेकरीच्या आत पाऊल टाकलं. ते बसतात तिथं जायचं नाही या रीतीपायी मी माझ्याच घरापुढच्या या खोलीत कधी आले नव्हते. पॅकिंग करणाऱ्या बायका फरशीवर बसल्या होत्या. एकीपुढे टोस्टचा ढीग, एकीपुढे खारीचा, एकीपुढे जिऱ्याची बिस्किटं, एकीपुढे साधी नानखटाई आणि एकीपुढे शेंगदाण्याची. आणि सगळ्यांच्या मधे रिकाम्या पुड्यांची एकच गोणी. सगळ्यांचे हात त्याच गोणीत जात होते. टोस्टवर नानखटाई, खारीवर नानखटाई, शेंगदाण्यावर नानखटाई. मी विचारलं, असं कधीपासून? एक बाई म्हणाली, "पहिल्यापासूनच की. दर मालाला येगळा छापा कोण काढतो? लई खर्चा येतो. पुड्याला समोरून काच हाय ना, गिऱ्हाईक बघून वळखतं."

खरंच होतं ते. सगळ्या भागाला ठाऊक होतं. पुड्यावर काय लिहिलंय ते आमच्याकडे कोणी वाचत नाही, पुढच्या पारदर्शक पट्टीतून आतलं दिसतं तेच खरं. खारी म्हणजे खारी, टोस्ट म्हणजे टोस्ट. फक्त एका नानखटाईत कूट आहे की नाही, ते पट्टीतून दिसत नाही. आणि वाचणारी एकटी माझी पोरगी.

तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चुकून पुडा बदलला असंल. दादाला काय ठाऊक. खाल्ल्या घरचे वासे मोजती का आता?" मीही तेच धरलं, की चूक झाली. पण चूक त्यांची आणि बोंब माझ्या नावानं? चोर तो चोर आणि वर शिरजोर. एकदा जरी त्यांनी भिंतीला सांगितलं असतं की पुडा चुकला, तर मी पुढं काहीच केलं नसतं. ते मात्र दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला फोनची कथा सांगत राहिले आणि लेकराची आई अशी असते का असं विचारत राहिले. मी दात-ओठ खात दिवाळीची वाट पाहिली.

दिवाळीच्या आधी आमच्या बेकरीपुढे बायकांची रांग लागते. घरून मैदा, साखर, तूप डब्यात घालून आणायचं आणि भट्टीवाल्याकडून नानखटाई भाजून न्यायची. आपलं तूप, आपला डबा, म्हणून बाया डोळ्यांत तेल घालून उभ्या असतात. गावातलं सगळं बोलणं त्या रांगेत होतं. माझ्या नावाची बदनामीही त्याच रांगेत पिकणार होती, म्हणून मी तीच निवडली.

डोक्यावर पदर घेऊन मी पुढच्या दारानं आत गेले. दीर वजनाच्या काट्याजवळ बसले होते. मला बघून त्यांनी लगेच तोंड भिंतीकडे फिरवलं. मी फळीवरून टोस्टचा पुडा उचलला, फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला आणि रेघांवर धरला. "नानखटाई. मैदा, साखर, वनस्पती तूप, वेलची. यात शेंगदाणा आढळला नाही." रांगेतल्या बाया हसल्या. "टोस्टाला नानखटाई म्हणतो ग बाई, येडा हाय." मी खारीचा पुडा घेतला. फोन तेच म्हणाला. जिऱ्याच्या बिस्किटांचा घेतला. तेच. चौथा पुडा शेंगदाण्याच्या नानखटाईच्या फळीवरचा घेतला, त्याला कोणी हसलं नाही. तो मी फोडला, आतली नानखटाई मोडली आणि रांगेत पुढे असलेल्या म्हातारीच्या हातावर ठेवली.

"चाखून सांगा, काय हाय त्याच्यात."

तिनं चघळलं. "कूट हाय. शेंगदाण्याचं."

मी त्याच पुड्यावर फोन धरला. "यात शेंगदाणा आढळला नाही."

म्हातारीनं पुडा उलटासुलटा करून बघितला, शेजारणीला दाखवला. "म्हंजी फोन न्हाई ग," ती म्हणाली, "पुडा खोटा हाय."

हे एक वाक्य ऐकायला मी इतके दिवस थांबले होते. ते त्या बाईच्या तोंडून, त्या रांगेत, त्यांच्यासमोर ऐकताना जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दीर भिंतीला म्हणाले, "घरी जा म्हणावं. घरातलं भांडण दुकानात नको."

मी निघालेही असते. काम झालं होतं. पण भिंतीला उद्देशून आलेलं ते वाक्य ऐकलं आणि मला ती दुपार आठवली. अंगणाचं दार आठवलं. गिऱ्हाइकाच्या वेळी हा माणूस मागे आला होता आणि विचार तुझ्या फोनला असं म्हणाला होता. मला त्यांच्याशी बोलायचं होतं आणि त्यांना हाक काय मारायची हेही माहीत नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. मी पदर डोक्यावरून काढला आणि नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"तुमी तिच्या हातात पुडा देला तव्हा तुमाला ठाऊक व्हतं का आत काय हाय?"

नाही म्हणाले असते तर संपलं असतं. रांगेतल्या अर्ध्या बायांनी विश्वास ठेवला असता, कदाचित मीही. पण माझ्या प्रश्नाला थेट उत्तर द्यायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. खोटं बोलायलाही सराव लागतो. काट्याकडे बघत ते म्हणाले, "मला फोनला खोटं पाडायचं व्हतं. पाहुण्यात नाक कापलं माझं. लेकराचं खरंच एवढं हाय असं कुठं वाटलं व्हतं मला."

मी चुकीचा हिशोब मागायला गेले होते आणि हातात आलं ते वेगळंच होतं. या माणसानं फोन छापलेलंच वाचतो हे मला विचारून घेतलं, मग मुद्दाम तो पुडा निवडला, दारात उभं राहून बघितलं, आणि माझ्याच तोंडून खा म्हणवलं. मला त्यांचा हात धरून भट्टीत घालावासा वाटला. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. मी तसं केलं नाही ते पोरीला घरी एकटी ठेवून आले होते म्हणून.

म्हातारीनं आपला डबा उचलला. तिच्यामागे दुसरीनं उचलला. ज्यांचं पीठ मळून झालं होतं त्या तेवढ्या थांबल्या, त्याही मान खाली घालून. त्या दिवाळीत गावातल्या बायांनी नानखटाई शहागडच्या भट्टीवरून भाजून आणली. नवऱ्यानं संध्याकाळी सगळं ऐकलं. चुकून झालं असं तो या वेळी म्हणाला नाही. टेम्पो बेकरीसमोर लावला, किल्ली काट्यावर ठेवली आणि परत आला. आता तो दुसऱ्याची जीप चालवतो, वडीगोद्री ते अंबड. पैसे कमी येतात आणि भाकरी बरी लागते.

माझं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. मी फोनवर त्या पुड्याची नोंद बदलून घेतली. आत काय काय भरतात, एकाच परातीत काय काय मळतात, सगळे फोटो पाठवले. आता त्या रेघांवर कोणीही, कुठंही फोन धरला तर पडदा लाल होतो. मी बाजारात जाते तेव्हा दुकानात तो पुडा दिसला की मुद्दाम फोन काढते. "सावधान," बाई मोठ्यानं म्हणते. दुकानदार पुडा मागे सारतो. घ्यायचं काही नसतं मला, तरी थांबते. पुढे दिरांनी दर मालाचे वेगळे पुडे छापून घेतले, रेघा तेवढ्या जुन्याच ठेवल्या, शेंगदाण्याच्या पुड्यावर तर दाण्याचं चित्रच काढलं, आणि ते नवे पुडे जावेच्या हाती पाठवले, की आता जुनी नोंद काढायला सांग. मी काढली नाही. साध्या आणि शेंगदाण्याच्या नानखटाईचं पीठ मळायची परात अजून एकच आहे. माझं खरं आहे आणि मला त्यात सुखही आहे, दोन्ही एकाच वेळी.

जाऊ अधूनमधून रडते. म्हणते, झालं गेलं सोड, घर एक हाय. ती अनवाणी धावली होती हे मी विसरलेले नाही, म्हणून तिच्यासमोर गप्प बसते. ती गेली की पुन्हा माझी मी.

परवा पाडव्याला दीर अंगणात आले. खाटेवर बसले. खंगलेत. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते, इतकी जवळ की त्यांचा खोकला मला पाठीवर जाणवत होता. मग त्यांनी पोरीला हाक मारली. ती आता उंच झालीय. ती येऊन आमच्या दोघांच्या मधे उभी राहिली.

"सांग तुझ्या आईला," ते म्हणाले, "मोठ्याबाबाचं चुकलं म्हणावं."

मी चादर झटकली. "सांग त्यांना," मी म्हणाले, "मला ऐकू आलं न्हाई."

त्यांनी घसा खाकरला आणि तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. मी चिमटे लावत पुन्हा सांगितलं, ऐकू आलं न्हाई म्हणावं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. मला बरं वाटत होतं. सबंध दुपार असंच चालू राहिलं असतं तरी मला चाललं असतं.

पोरगी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. निरोप तिनं एकाचाही पोचवला नव्हता. मग ती पूर्ण त्यांच्याकडे वळली.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "पुडा तुमी माझ्या हातात देल्ता."

दीर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला, तिच्या डोक्यावर ठेवायला. ती एक पाऊल मागे सरली, आणि तिची पाठ मला लागली. मी तिला पुढे ढकललं नाही.